सहाच्या जेवणासाठी मध्यरात्रीचा विस्तव

[दृश्य: अंधारातलं परसदार. स्मोकरच्या, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या बंद भट्टीच्या, फटीतून निळसर धूर.]

रात्रीचे बारा. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना. पाहुणे उद्या संध्याकाळी सहाला जेवायला बसतील, आणि विस्तव आत्ताच पेटलाय.

या राज्यात बार्बेक्यू म्हणजे डुकराचंच मांस. पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजतात, वर व्हिनेगर-मिरची. लेक्सिंग्टन गावाकडे नुसता खांदा, हिकरी झाडाच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर. माझ्याकडे आज तीन प्रकार आहेत: खांदा, बरगड्या आणि पाठीचं मांस, म्हणजे लॉइन. पहिल्या खेपेला मी तिन्ही एकदमच ठेवले होते. लॉइनचा पार चोथा झाला, आणि खांदा तोवर रबरासारखा चिवट.

जनावर बराच भार खांद्यावर पेलतं, म्हणून तिथे कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर. ते विरघळून मऊ, बुळबुळीत जिलेटिन व्हायचं तर मंद आच आणि वेळ, दोन्ही हवं. स्मोकर ११० अंश सेल्सियसवर ठेवला, तर चार किलोच्या खांद्याला बारा-चौदा तास धरायचे.

[दृश्य: पहाट. खांद्यात खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा.]

सत्तर अंश. तासाभरापूर्वीही सत्तरच होते. इथे भलेभले घाबरतात आणि कोळसा वाढवतात. नका वाढवू. मांसातलं पाणी बाहेर झिरपतंय आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातंय. आपल्या माठातलं पाणी गार होतं ते असंच. वरचा थर सुकला की आकडा आपोआप चढतो. फारच उशीर होत असेल तर खांदा कागदात गुंडाळावा. वाफ कोंडते, काम पुढे सरकतं, पण वरची काळी खरपूस साल थोडी मऊ पडते. मला ती साल फार प्रिय आहे, म्हणून मी थांबतो.

[दृश्य: साडेअकरा. बरगड्यांची पाठ, अगदी जवळून.]

हाडांच्या बाजूचा हा पापुद्रा. बोटांतून निसटतो, म्हणून टोक कागदी रुमालाने धरायचं आणि एका दमात ओढायचं. बरगड्यांना सहा तास. त्या खालच्या जाळीवर ठेवायच्या. वर ठेवल्या तर कच्च्या मांसाचं पाणी शिजत आलेल्या खांद्यावर ठिबकेल.

दुपारी दोन. खांदा ९५ अंशांवर, सळई लोण्यात शिरावी तशी आत जाते. सहाला अजून चार तास आहेत, आणि ते मी मुद्दाम राखलेत. खांदा लवकर झाला तर सांभाळता येतो. उशिरा झाला तर पाहुणे ताटावर बसून राहतात. तो गुंडाळून, जुन्या टॉवेलांत लपेटून, बर्फ नसलेल्या आइसबॉक्समध्ये ठेवायचा. तिथे तो साठ अंशांच्या वर राहतो, रस आत मुरतो.

तीन वाजता लॉइन. यात चरबी कमी, विरघळायला काही नाही, म्हणून जास्त शिजवलं की संपलं. ६३ अंशांना काढायचं, निदान तीन मिनिटं तसंच ठेवायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठी ७१ ऐवजी हा आकडा २०११ साली सांगितला. आत किंचित गुलाबी दिसेल. दिसू दे.

साडेपाच. बरगड्यांची पट्टी चिमट्याने एका टोकाला उचलली, ती वाकली आणि मधोमध मांसाला चीर गेली. झाल्या.

[दृश्य: आइसबॉक्सचं झाकण उघडतं. वाफ.]

खांद्याचं हाड दोन बोटांनी धरून ओढलं. सुरीशिवाय, स्वच्छ, पांढरं, अख्खं हातात आलं.