हल्ल्यानंतरची दोन वर्षं

१५ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पाडणाऱ्या ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्याला चार दिवस झालेले. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं मेसा शहर. बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावत होते. ट्रकमधून आलेल्या एकाने त्यांना गोळ्या घातल्या. सोढी शीख. पण मारणाऱ्याने पाहिली ती फक्त पगडी आणि दाढी, आणि त्यांना मुस्लिम समजला.

अमेरिकेत मुस्लिमांविरुद्धच्या द्वेषमूलक घटनांची एफबीआयकडची नोंद २००० साली होती २८. पुढच्या वर्षी ४८१. आणि तक्रार द्यायला सगळेच कुठे जातात?

इथवर कुणाला नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. 'प्यू' या जनमत पाहण्या घेणाऱ्या संस्थेच्या मार्च २००१ च्या पाहणीत, देशातल्या मुस्लिमांविषयी चांगलं मत असलेले अमेरिकन होते ४५ टक्के. नोव्हेंबरमध्ये, हल्ल्याला दोन महिने झाल्यावर, ५९ टक्के. सगळ्यात मोठी उडी होती पुराणमतवादी रिपब्लिकनांची!

याचं एक कारण १७ सप्टेंबरच्या चित्रफितीत दिसतं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये उभे आहेत. इस्लाम म्हणजे शांती, असं ते सांगतात. डोकं झाकणाऱ्या बायकांना घराबाहेर पडायची भीती वाटता कामा नये, असंही. पुढे इराकवर चाल करून गेले तेही हेच बुश. पण त्या दिवशी आपलाच नेता बोलतोय म्हटल्यावर त्यांच्या मतदारांनी ऐकलं.

सरकारी शब्द प्रत्येक दारापर्यंत मात्र पोचला नाही. मोहम्मद सलमान हमदानी, वय २३, न्यूयॉर्क पोलिसांचा कॅडेट. रुग्णवाहिकेवर काम केलेला. ११ सप्टेंबरच्या सकाळी कामावर जायला निघाला, तो परतलाच नाही. आई-वडील इस्पितळं पालथी घालत होते, आणि बाहेर कुजबुज सुरू झाली, की हा बेपत्ता आहे की लपलाय? एका वर्तमानपत्राने तर तसा मथळाच छापला. त्याच ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्यात, मदतीला धावून गेलेला तरुण म्हणून त्याचं नाव आहे. एकाच महिन्यात संशयितही आणि वीरही. त्याच्या अवशेषांची ओळख पटली मार्च २००२ मध्ये. ते सापडले होते मनोऱ्यांच्याच ढिगाऱ्यात.

त्याच मार्चमध्ये, 'प्यू'च्याच पाहणीत, इस्लाम इतर धर्मांपेक्षा हिंसेला जास्त चिथावतो असं मानणारे अमेरिकन होते २५ टक्के. जुलै २००३ मध्ये ४४. मधल्या काळात अमेरिकेच्या भूमीवर तसा दुसरा हल्ला झालेला नव्हता. झालं होतं ते इराकचं युद्ध. काही बड्या धर्मोपदेशकांनी थेट इस्लामवरच तोंडसुख घेतलं होतं. आणि सरकारनेही रांगा लावल्या होत्या: २५ देशांतून आलेल्या, नागरिकत्व नसलेल्या पुरुषांनी कचेरीत यावं, बोटांचे ठसे द्यावेत. यातला उत्तर कोरिया सोडला तर बाकी बहुतेक सगळे मुस्लिमबहुल देश. ८० हजारांहून जास्त जण आले, ठसे देऊन गेले. दहशतवादाचा गुन्हा त्यातल्या एकावरही शाबीत झाला नाही. देशाबाहेर काढण्याची कारवाई मात्र १३ हजारांहून अधिक जणांवर सुरू झाली.