गाडीचं बिल वाचताना

(फोंड्यातील एका वाचनालयात मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

गाडीच्या सर्व्हिसचं हे बिल आमच्या शेजारच्या बाईंचं आहे, कंपनीच्या वर्कशॉपमधलं. त्या शाळेत गणित शिकवतात, हिशेबाला चोख आहेत. तरी परवा संध्याकाळी हा कागद घेऊन आमच्या बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी फसले की नाही, एवढंच सांगा." त्यांची परवानगी घेऊन मी हे बिल आज आणलं आहे. त्या स्वतःही इथे बसल्या आहेत.

मी आयटीआयमध्ये २६ वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. माझे विद्यार्थी आज दोन्हीकडे आहेत. काही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये युनिफॉर्म घालून काम करतात, काहींनी पेडण्यापासून काणकोणापर्यंत स्वतःची गॅरेजं टाकली आहेत. त्यामुळे "कंपनीत न्यावी की गॅरेजात?" हा प्रश्न मला लग्नातसुद्धा विचारतात. मी पूर्वी एका वाक्यात उत्तर द्यायचो. आता देत नाही, कारण हे बिल नीट वाचल्यावर मलाच माझं उत्तर बदलावं लागलं.

बाईंची गाडी छोटी, पेट्रोलची, चार वर्षांची. २४,००० किलोमीटर झालेली. म्हणजे वर्षाला सहा हजार, घर ते शाळा आणि कधीमधी पणजी. बिल कर धरून १२,४४९ रुपयांचं. कर बाजूला काढला की १०,५५० राहतात.

आता ओळी वाचू. इंजिन ऑइल १,६५०. ऑइल फिल्टर ११०. ड्रेन प्लगचा वायसर २०. एअर फिल्टर २८०. एसीचा केबिन फिल्टर ४५०. हे झाले २,५१०. सर्व्हिसचं लेबर १,९००. चाकांचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ९५०. इथपर्यंत बेरीज ५,३६०, आणि यातली एकही ओळ मी खोडणार नाही. एअर फिल्टरबद्दल कुणी म्हणेल की एवढ्यात कशाला. मी तो जुना फिल्टर पाहिला. जमिनीवर आपटला तर खाली तांबड्या मातीचा थर पडला. आपल्याकडे चिऱ्याची धूळ आहे, डिचोली-सांगेच्या बाजूला खाणीच्या ट्रकांची धूळ आहे. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच इथे फिल्टर भरतो.

पुढच्या ओळी बघा. एसी डिसइन्फेक्शन ८९०. इंजिन फ्लश ४५०. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तिचं क्लीनिंग ६५०. अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला फवारायचा काळा थर, ३,२००. एकूण ५,१९०. अर्धं बिल हेच आहे, आणि यातलं काहीही बाईंनी मागितलं नव्हतं. सकाळी नऊ वाजता, घाई असताना, काउंटरवर विचारलं, "मॅडम, हे पण करून घेऊ ना? पावसाळा येतोय." त्या हो म्हणाल्या. तुम्ही असता तर तुम्हीही हो म्हणाला असता.

मी हेच बिल माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात नेलं आणि म्हटलं, तू काय घेशील सांग. तेच ऑइल, तेच पाकीटबंद ओरिजिनल फिल्टर. तो म्हणाला, पार्टचे पैसे तेवढेच लागतील, लेबर ८००, अलाइनमेंट बाहेरून करून आणायचं, तेही ९५०. म्हणजे ४,२६०. समोरासमोर तेच काम धरलं तर कंपनीचं वर्कशॉप आणि चांगलं गॅरेज यांच्यात फरक किती? १,१०० रुपये. मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो की कंपनीत दुप्पट पैसे जातात. दुप्पट जातात हे खरं. पण ते कंपनीच्या सर्व्हिसला जात नाहीत, सर्व्हिसच्या जोडीला विकलेल्या वस्तूंना जातात. त्या ओळी खोडल्या की प्रश्न बारा हजार विरुद्ध चार हजार असा राहत नाही. वर्षाला हजार-अकराशे रुपये जास्त देऊन मला काय मिळतं, एवढाच राहतो. आणि तो सोडवता येतो.

अंडरबॉडी कोटिंगवर थोडं थांबतो, कारण गोव्यात ते सगळ्यात जास्त विकलं जातं आणि सांगणाऱ्याचं कारण खोटं नसतं. समुद्राची खारी हवा आहे, पावसाळ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, खालचा पत्रा गंजतो. पण आजकालच्या बहुतेक गाड्यांना कारखान्यातूनच खाली संरक्षक थर येतो. तो शाबूत असेल तर वरून आणखी फवारायची गरज नसते. आणि फवारायचंच असेल तर पत्रा धुऊन, पूर्ण वाळवून, गंज खरवडून मग फवारायला हवं. पावसाच्या तोंडावर, दिवसाला पंधरा गाड्या असताना, ओलसर मातीवर तो काळा थर मारला तर पाणी आतच कोंडतं. वरून काळंभोर दिसतं आणि खाली गंज चालू राहतो. मी रॅम्पवर असे पापुद्रे बोटाने सोलून विद्यार्थ्यांना दाखवले आहेत. कळंगुट, कोलवा, मांद्रे अशा किनाऱ्यालगत राहत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत करा, समोर उभं राहून करा. नाहीतर महिन्यातून दोनदा साध्या पाण्याने खालून गाडी धुवा. त्याने बरंच साधतं.

आता या बिलात जे नाही ते सांगतो. त्यासाठीच खरं तर मी आज बोलायला उभा राहिलो. चार वर्षांच्या गाडीच्या या बिलात ब्रेक ऑइल नाही. मी बाईंची जुनी तिन्ही बिलं पाहिली. त्यांतही नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीचं झाकण बंद असलं तरी रबरी नळ्यांमधून, सीलमधून ओलावा हळूहळू आत जातो. डॉट ४ या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ते १५५ अंशांवरही उकळू शकतं. आता बेळगावहून परत येताना चोर्ला घाट आठवा. मागे सामान, गाडीत चार माणसं, आणि केरीपर्यंत पाय सारखा ब्रेकवर. ब्रेकच्या चकत्या तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, किलोमीटर कितीही झालेले असोत. बाईंची गाडी कमी चालते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. किलोमीटर मोजले, वर्षं मोजली नाहीत. आपल्यासारख्या दमट मुलखात ही चूक महागात पडते. बदलायला किती लागतात? माझ्या विद्यार्थ्याने ५०० सांगितले.

मला राग याचा आला. ३,२०० चा काळा थर विकायची आठवण राहिली, ५०० चं ब्रेक ऑइल राहून गेलं. काउंटरवरचा मुलगा वाईट नसतो, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. खालच्या मेकॅनिकला तुमच्याशी बोलायची सोय नसते. गॅरेजात गाडीखाली जो माणूस झोपतो तोच बाहेर येऊन हात पुसत तुमच्याशी बोलतो. या एका गोष्टीला मी फार किंमत देतो.

पण म्हणून उठून गॅरेजात जा, असंही नाही. माझ्या भाच्याची डिझेल गाडी, बीएस सहा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाचे हे नियम लागू झाले आणि डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. ही काजळी जळून साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. भाचा कुंडईला कामाला, घरापासून सात किलोमीटर. फिल्टरमधली काजळी कधी नीट जळलीच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला. जवळच्या गॅरेजवाल्याने स्वस्त स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून नुसता दिवा घालवला, असं तीनदा केलं. शिवाय अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, त्याने नेहमीचं ओतलं. मनाने चांगला माणूस, वीस वर्षं इंजिनं उघडतोय, पण या गाडीचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी फिल्टर चोंदला आणि खर्च पाच आकड्यांत गेला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पहिला दिवा लागला तेव्हाच मोठ्या स्कॅनरवर लावून तो जाळून साफ केला असता. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांबाबत तर मी चर्चाच करत नाही. जास्त दाबाच्या विजेची नारिंगी केबल दिसली की ज्याला त्याचं प्रशिक्षण आहे त्यानेच हात लावावा.

वॉरंटीचा मुद्दा सगळे विचारतात. बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी जाते, असं काउंटरवर सांगतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही, हा त्यातला मुख्य दोष होता. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करता येईल. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. तत्त्व मला पटतं. पण तुम्हाला भांडायचं नसतं, गाडी चालवायची असते. म्हणून माझा सल्ला असा की वॉरंटी चालू आहे तोवर कंपनीतच जा. मारुतीने जुलै २०२४ पासून ती तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली आहे. सुरुवातीच्या काही सर्व्हिसना लेबरही फुकट असतं. त्या काळात वर्षाचे अकराशे म्हणजे विम्याचा हप्ता समजा. वॉरंटी वाढवून घेतली असेल तर तिच्या अटी वाचा, त्यांत बहुधा अधिकृत वर्कशॉपची सक्ती असते.

वॉरंटी संपली की मात्र काम बघून ठरवा. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश ही कामं चांगला गॅरेजवाला तितकीच चांगली करतो. फक्त ऑइलचा डबा तुमच्या समोर फुटला पाहिजे आणि त्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळला पाहिजे. शून्य डब्ल्यू सोळा हे पातळ ऑइल लागणाऱ्या इंजिनात जाड वीस डब्ल्यू चाळीस ओतलेलं मी पाहिलं आहे. एअरबॅगचा दिवा, एबीएसचा दिवा, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर, कंपनीने दोष निघाला म्हणून परत बोलावलेला भाग (रिकॉल), यांसाठी कंपनीतच जा. रिकॉलचं काम फुकट असतं. गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की रिकॉल आहे का ते कळतं. गॅरेजात जाणाऱ्याने वर्षातून एकदा हे स्वतः बघायला हवं, कारण तिथे त्याला कुणी आठवण करणार नाही.

अंतरही हिशेबात धरा. मोठी वर्कशॉपं पणजी, पर्वरी, वेर्णा, मडगाव या पट्ट्यात. वाळपईच्या माणसाचा पूर्ण दिवस जातो, रजा पडते, आणि अकराशेचा फरक अडीच हजारांचा होतो. माझा स्वतःचा कल तिथे गॅरेजकडे आहे.

मग काउंटरवर करायचं काय? आदल्या रात्री मॅन्युअलमधलं वेळापत्रकाचं पान फोनमध्ये काढून घ्या. जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करायच्या आधी म्हणा, "या पानावर आहे तेवढंच करा, बाकी काही वाटलं तर फोन करून विचारा." हे वाक्य जॉबकार्डवर लिहून घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. बिलात सुट्या भागांवरचा जीएसटी बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तक्रार ऐकली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

बाईंनी त्या संध्याकाळी विचारलं होतं, फसले का. मी म्हटलं, पैशांत थोड्या. ब्रेकच्या बाबतीत मात्र जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ब्रेक ऑइल बदलून घेतलं. जुनं ऑइल मी या बाटलीत ठेवलंय. आणि ही दुसरी बाटली नव्या ऑइलची. ही मधासारखी स्वच्छ आहे, ती चहासारखी काळपट. पुढच्या रांगेतून फिरवा, पण कपड्यांवर सांडू नका आणि गाडीच्या रंगावर तर नकोच, रंग निघून जातो.

नुसत्या रंगावरून पाणी किती आहे ते कळत नाही. त्यासाठी पेनासारखा टेस्टर मिळतो, तो माझ्या गाडीच्या डिकीत आहे. जून आता दारात आला. प्रश्न असतील ते बाहेर अंगणातच विचारा, तिथे उजेड आहे. बॉनेट उघडून ठेवा, एकेकाच्या गाडीचं ब्रेक ऑइल तपासू. ज्यांना या सुट्टीत चोर्ल्याने बेळगावला जायचंय, त्यांच्या गाड्या आधी घेऊ.