जडसन चर्चचा टेलिफोन

आजच्या पत्रिकेत विषय छापलाय ‘बाप्टिस्ट पाळक, समुपदेशन आणि सामाजिक न्याय’. बाप्टिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांचा एक पंथ, आणि पाळक म्हणजे चर्च सांभाळणारा धर्मगुरू. तिन्हींवर बोलायचं आहे, पण मी मधल्यापासून सुरुवात करणार आहे. आपल्याकडे न्यायाची भाषणं आधी होतात आणि अडलेल्या माणसाचं ऐकून घेणं नंतर, झालंच तर. न्यूयॉर्कचे रेव्हरंड हॉवर्ड मूडी यांच्या आयुष्यात हा क्रम नेमका उलटा होता. त्यांनी आधी समोरच्या बाईचं ऐकलं, मग तिची सोय लावली, आणि कायद्याचा लढा त्या सोयीतून उभा राहिला. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो आणि तो तुम्हाला तपशिलासकट दाखवायचा आहे.

मूडींचा जन्म १९२१ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. घर कडक बाप्टिस्ट. दुसऱ्या महायुद्धात ते मरीन दलात होते, नंतर येलमध्ये धर्मशास्त्र शिकले. १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज वस्तीतल्या जडसन मेमोरियल चर्चचे पाळक झाले आणि १९९२ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं, तिथेच राहिले. २०१२ मध्ये ते गेले.

आता जडसन हे नाव. इथे थोडा वळसा घेते, कारण त्यात आपला संबंध आहे. १८१२ मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी हिंदुस्थानकडे निघाले. त्यात ॲडोनिराम जडसन होते, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट होते. निघाले तेव्हा सगळे काँग्रिगेशनल पंथाचे. जडसन यांचं मत वाटेतच पालटू लागलं. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा पाण्याचा संस्कार, तान्ह्या मुलाला द्यायचा नाही, समजून उमजून मागणाऱ्या माणसालाच द्यायचा, हे त्यांना पटलं. कलकत्त्यात उतरल्यावर त्यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला, बाप्टिस्ट झाले आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट मात्र जुन्याच पंथात राहिले आणि १८१३ मध्ये मुंबईला पोचले. त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. अहमदनगरच्या शाळा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचा त्या मिशनशी आलेला संबंध, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे एकाच तुकडीतल्या माणसांनी दोन वाटा धरल्या. एक वाट आपल्या नगरला आली. दुसऱ्या वाटेने गेलेल्या जडसन यांचा मुलगा एडवर्ड, त्याने वडिलांच्या स्मरणार्थ १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकाच्या दक्षिण बाजूला हे चर्च बांधलं. जागा मुद्दाम निवडलेली होती. चौकाच्या उत्तरेला श्रीमंतांची घरं, दक्षिणेला इटलीहून आलेल्या गरिबांच्या चाळी. मंडळी, म्हणजे या चर्चचा समुदाय, दोघांच्या मधे.

मूडी आले तेव्हा त्या वस्तीत कवी, चित्रकार, व्यसनी तरुण, घर सोडून आलेली पोरं अशी गर्दी होती. त्यांनी दारं उघडली. १९६१ पासून त्यांचे सहकारी अल कार्माइन्स चर्चमध्ये नाटकं करू लागले. त्या रंगमंचाला दोनच नियम होते. धार्मिक नाटक करायचं नाही आणि सेन्सॉर करायचं नाही. १९६२ पासून त्याच इमारतीत जे नृत्यप्रयोग झाले ते आज नृत्याच्या इतिहासात शिकवले जातात. यावर वेगळं व्याख्यान होईल, आज नको. पण एक लक्षात ठेवा. अनोळखी माणसं या इमारतीत न घाबरता येत होती. पुढच्या कामासाठी हा विश्वास लागणार होता आणि तो आधीच कमावलेला होता.

आता टेलिफोन.

साठच्या दशकात न्यूयॉर्कचा कायदा असा होता की बाईचा जीव वाचवण्यासाठीच गर्भपात करता येईल. पैसेवाल्या बाईला वाट होती. खाजगी इस्पितळात डॉक्टरांची समिती असायची, दोन मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं आणली की परवानगी मिळायची. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या कुठेतरी मागच्या खोलीत जायच्या आणि जंतुसंसर्ग होऊन सरकारी इस्पितळात यायच्या. मरणाऱ्यांत काळ्या आणि प्वेर्तो रिकन बायकांचं प्रमाण फार मोठं होतं. १९६७ च्या वसंतात कायदा सैल करणारं विधेयक विधिमंडळात पडलं. तेव्हा मूडींनी ठरवलं की कायद्याची वाट बघत बसायचं नाही.

२२ मे १९६७ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. एकवीस धर्मगुरूंनी, त्यात प्रॉटेस्टंट पाळक आणि ज्यू रब्बी दोन्ही, उघडपणे जाहीर केलं की आम्ही अडचणीतल्या बायकांना गर्भपाताबद्दल सल्ला देऊ आणि योग्य डॉक्टरकडे पाठवू. त्यासाठी काढलेल्या संस्थेच्या नावात ‘गर्भपात’ हा शब्द स्पष्ट घातलेला. आडून काही नाही.

यंत्रणा कशी होती ते बघा. चर्चमध्ये एक फोन आणि त्याला उत्तर देणारं टेपचं यंत्र. फोन केला की ध्वनिमुद्रित आवाज त्या आठवड्यात उपलब्ध असलेल्या पाळकांची नावं आणि नंबर सांगायचा. बस, एवढंच. फोनवर सल्ला नाही, डॉक्टरचं नाव नाही. बाईने त्यातल्या एकाला फोन करून वेळ घ्यायची आणि प्रत्यक्ष भेटायला यायचं. येताना डॉक्टरची चिठ्ठी आणायची: गर्भ आहे, आणि किती आठवड्यांचा आहे. ही चिठ्ठी नुसता सोपस्कार नव्हती. पुष्कळ बायका तारखा चुकीच्या मोजतात. दहा आठवडे समजून पाठवलेली बाई पंधरा आठवड्यांची निघाली तर डॉक्टर परत पाठवणार, नाहीतर जोखमीची शस्त्रक्रिया करणार. बारा आठवड्यांनंतर धोका आणि खर्च दोन्ही वाढतात. विमानाचं भाडं वाया जातं ते वेगळंच.

भेटीचे पैसे घ्यायचे नाहीत हा पक्का नियम. भेटीत पाळकाने आधी ऐकायचं. मूल ठेवायचं, दत्तक द्यायचं की गर्भपात, तिन्ही वाटा बोलायच्या, पण बाईला कुठे ढकलायचं नाही. बऱ्याच बायका निर्णय करूनच यायच्या. त्यांना उपदेश नको होता, पत्ता हवा होता. मग डॉक्टरचं नाव, गाव, शस्त्रक्रिया कशी होते, किती पैसे, परत आल्यावर कुठली लक्षणं दिसली तर ताबडतोब इस्पितळ गाठायचं, हे सगळं सांगायचं. बाईला राज्याबाहेर पाठवायचं, हीही विचारपूर्वक घेतलेली खबरदारी होती. शस्त्रक्रिया दुसऱ्या हद्दीत झाली तर न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलाला खटला उभा करणं कठीण. सुरुवातीला पुष्कळ बायका प्वेर्तो रिकोला गेल्या. एप्रिल १९६८ पासून ब्रिटनचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा लंडनची वाट खुली झाली. शिवाय पाळकाशी झालेलं बोलणं गोपनीय, या तत्त्वाचा आधार होताच.

डॉक्टर निवडायचे कसे? इथे एका बाईंचं नाव घ्यायलाच हवं, अर्लीन कार्मेन. त्या चर्चच्या प्रशासक होत्या, पाळक नव्हत्या. गरोदर असल्याचं भासवून त्या स्वतः डॉक्टरांकडे जायच्या. खोली स्वच्छ आहे का, हत्यारं निर्जंतुक केलेली आहेत का, डॉक्टर बाईशी नीट बोलतो का, ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागतो का, हे बघून यायच्या. परतलेल्या बायकांनाही विचारायचं, तिथे काय झालं? तक्रार आली की डॉक्टर यादीतून बाद. आणि इतक्या बायका एकाच डॉक्टरकडे जाऊ लागल्यावर पाळकांच्या हातात भाव उतरवून घेण्याची ताकद आली. हे काम पुस्तकी करुणेने होत नाही. त्याला वही लागते, फोन लागतो, आणि कुठल्या डॉक्टरने काल काय केलं याची आठवण लागते. मूडींचं नाव मोठं झालं, कार्मेनबाईंचं झालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चर्च असो की आपल्याकडची संस्था, व्यासपीठावरचा माणूस लक्षात राहतो आणि नोंदी ठेवणारी बाई विसरली जाते. पुढे याच दोघांनी रस्त्यावर देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बायकांसाठी रात्री गाडी उभी करायला सुरुवात केली: बसायला जागा, कॉफी, आणि अटक झाली तर कोर्टात कुणीतरी सोबत. तीच पद्धत. आधी तिला काय हवंय ते विचारा.

हे जाळं देशभर पसरलं. सुमारे १,४०० धर्मगुरू त्यात आले. काहींवर खटलेही झाले. जुलै १९७० मध्ये न्यूयॉर्कने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर केला, त्या राज्यातच राहण्याची अट न घालता. मूडींच्या लोकांना लगेच दिसलं की कायदा बदलला तरी इस्पितळं महाग आहेत आणि रांगा लांब आहेत. त्यांनी इस्पितळाशी न जोडलेलं स्वतंत्र क्लिनिक उभं करायला हात लावला. सकाळी यायचं, त्याच दिवशी घरी जायचं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी एक समुपदेशक बाई हात धरून शेजारी. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि हा हक्क देशभर मिळाला. २०२२ मध्ये तो निकाल फिरवला गेला, हे तुम्ही वाचलं असेलच.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. म्हणजे जो मुद्दा मांडायला बोलावलं तो आता भरभर.

हे बाप्टिस्ट मंडळीतच का जमलं? कारण बाप्टिस्टांमध्ये बिशप नसतो. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आपला पाळक तीच निवडते, इमारतही तिचीच. मूडींची बदली करू शकेल असा कुणी वरिष्ठ नव्हता. जडसनच्या सभासदांनी त्यांना पाठिंबा दिला आणि तेवढा पुरला. अमेरिकन बाप्टिस्टांच्या राष्ट्रीय अधिवेशनाने बारा आठवड्यांपर्यंत निर्णय बाईचा असावा असा ठराव केला तो १९६८ मध्ये, फोन सुरू झाल्यानंतर एका वर्षाने. दुसरं, सद्सद्विवेक ज्याचा त्याचा, त्यात सरकारने आणि चर्चनेही हात घालू नये, ही या पंथाची सतराव्या शतकापासूनची शिकवण. मूडींनी ती बाईला लावली. अर्थात याच स्वातंत्र्याचा उलटा उपयोगही झाला आहे. दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी १८४५ मध्ये वेगळी चूल मांडली ती गुलाम ठेवण्याच्या हक्कावरून. रचना वाट मोकळी करते, दिशा माणसं ठरवतात.

आता आपल्याकडे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा अडलेल्या विधवेला गुपचूप येण्याजोगा पत्ता दिला होता. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. आणि गर्भपाताच्या कायद्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच मंत्री होते. त्यावरून १९७१ चा कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू. देशभराचा हक्क आपल्याला अमेरिकेआधी मिळाला. टेलिफोन मात्र मिळाला नाही. बाईने कुठे जायचं, काय कागद न्यायचे, हे सांगणारी जागा कमी पडली. त्यातच गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा वेगळा आहे हे लोकांना ठाऊक नसतं. पाट्या वाचून गर्भपातच गुन्हा आहे असं त्यांना वाटतं.

इथे समुपदेशन केंद्रं चालवणारे बरेच जण बसलेत, त्यांच्यासाठी शेवटचं. आपल्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला झालेल्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि तेही नियमांत दिलेल्या गटांतल्या बायकांसाठी. तुमच्याकडे येणारीला आठवड्यांची चिठ्ठी आधी आणायला सांगा. दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली तर तिच्यासोबत जा आणि फॉर्म सी, म्हणजे या कायद्यातला संमतीचा फॉर्म, दाखवा. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, त्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. पालकाची संमती लागते ती मुलगी अठराच्या खालची असेल किंवा मानसिक आजारामुळे तिला स्वतः संमती देता येत नसेल तर.