तांदळात लिहिलेलं नाव

(अपशिंगे. कमान, गल्ली, स्मारक.)

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण कामी आले. आजही इथल्या घरांतून पोरं भरतीला जातात, आणि मागचे कागद बायका सांभाळतात.

(टेबलावर पसरलेले कागद. जवळून.)

हे आधार कार्ड, यावर सासरचं नाव. हा पीपीओ, पेन्शनचा आदेश, यावर माहेरचं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. सैन्याच्या रेकॉर्डला ते ताट दिसत नाही.

जवान नोकरीत असला तर काम सोपं. युनिटकडे अर्ज द्यायचा, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलण्याचा आदेश, निघते, नोंद बदलते. तो गेल्यावर मात्र प्रतिज्ञापत्र, नावबदलाचं राजपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र. मग फाईल रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला, महार रेजिमेंटची थेट मध्य प्रदेशात, सागरला. तिथून सुधारित पीपीओसाठी प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयात. नाव जुळलं आणि जन्मतारीख जुळली नाही, तर फाईल उलट्या पावली घरी. तोवर पेन्शन अडकते.

(जिल्हाधिकारी कार्यालय. सभागृह.)

सैनिकांच्या कुटुंबांचे प्रश्न पाहणाऱ्या जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सचिव जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी. पेन्शन मंडळाच्या हातात नाही. पण ग्रामपंचायत घरपट्टी माफ करत नाही, बांध कोरला जातोय, मुलीला वसतिगृहात जागा मिळत नाही, हे सगळं जिल्ह्यातच सुटण्यासारखं. त्यासाठी विषय कार्यसूचीवर यावा लागतो आणि ठरलेलं इतिवृत्तात उतरावं लागतं. एकेकटा आलेला अर्ज एकेकटाच निकाली निघतो. दहा जणींचं दुखणं एकच आहे, हे सभागृहात सांगायला कुणी नसतं.

अशासकीय सदस्य बहुधा माजी अधिकारी, माजी सैनिक. त्यांचा मान आहेच. पण तलाठी, बँक, शाळा, दवाखाना या फेऱ्या त्यांनी मारलेल्या नसतात. ते नोकरीवर होते.

(काउंटरवरची रांग.)

म्हणून मंडळात दोन खुर्च्या हव्यात. एक वीरपत्नीला, एक नोकरीतल्या जवानाच्या बायकोला. दोघींची मुदत ठरलेली, म्हणजे दरवेळी कार्यक्रमापुरतं बोलावणं नको. कार्यसूची पंधरा दिवस आधी, मराठीत. गावोगावच्या तक्रारी गोळा करायला तेवढे दिवस लागतातच. आणि प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात. पाटणच्या डोंगरातून साताऱ्याला यायचं तर सकाळची एसटी धरावी लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.