बंद दाराआडचा आदेश आणि भज्यांचा कागद

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'दत्तकाची गोपनीयता आणि शिक्षेच्या तरतुदी'. तरतुदींकडे येतोच. आधी भज्यांचं सांगतो.

सात-आठ वर्षं झाली. जिल्हा कोर्टासमोर एक झेरॉक्सवाला आणि त्याला लागून भजीवाला. पावसाची झड लागलेली. कांदाभजी घेतली, चार खाल्ली, तेवढ्यात तेलकट कागदावर गोल शिक्का दिसला. भजी बाजूला सारून वाचलं, तर दत्तकाचा आदेश! बाळाचं जुनं नाव, नवं नाव, नव्या आईबापांचा पत्ता, सगळं. प्रत तिरकी आली म्हणून रद्दीत गेलेली. आता गंमत बघा. हे काम बंद दाराआड चालवायचं, असं कायदाच सांगतो. शिपाई आतून कडी घालतो. आत कडी, आणि बाहेर दहा रुपये प्लेट! हसू नका. बरं, हसा, उरलेली भजी मीही संपवलीच होती.

कागद घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचे. म्हणाले, "वकीलसाहेब, गुन्हा लावू कुणावर? भजीवाल्यावर? आणि हे अदखलपात्र आहे, तुम्हाला मी सांगायचं का?" रागानं घरी आलो आणि कागद जाळला. पुरावा नष्ट केला म्हणा हवं तर.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. माझं नेहमीचंच.

तर भराभर. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74. चौकशीत किंवा न्यायालयीन कामात असलेल्या, संरक्षणाची गरज असणाऱ्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो वर्तमानपत्रात, वाहिनीवर वा संपर्काच्या इतर माध्यमात दिलात, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कलम 86 नुसार तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे हवालदार बरोबर होते. दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. शिवाय 74 बोलतं ते बातमीबद्दल. निष्काळजीपणे टाकलेली प्रत किंवा मंगल कार्यालयात कुजबुजणारी आत्या त्यात ओढूनताणूनच बसेल. 2022 च्या दत्तक नियमावलीत यंत्रणांनी गुप्तता राखावी, आदेश सार्वजनिक पोर्टलवर दाखवू नये, असं आहे. ती झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचत नाही. माझी मागणी एवढीच: कागद ज्याच्या ताब्यात, शिक्षेचं कलम त्याच्यासाठी लिहा.

आणि हे गुपित जगापासून आहे, मुलापासून नाही. मुलाला आपलं मूळ शोधता येतं. अठराच्या आत असेल तर दत्तक आईवडिलांसह अर्ज करायचा. तिऱ्हाइताला तो शोध बंद. मात्र जन्मदात्या आईची गोपनीयताही तिथे सांभाळावी लागते, आणि खरा पेच तिथेच आहे. त्यावर बोलायचं होतं, पण घंटा झाली. मागच्या ताईंनी हात वर केलाय. ताई, चहाच्या वेळी बोलू.