तिसरी फेरी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव या सभागृहात किती जणांनी ऐकलंय? डेल अर्नहार्ट. हात वर करा बघू. पाच. त्यातले दोन माझे भाचे आहेत, ते धरायचे नाहीत.

तेव्हा पहिल्यापासून सांगतो. अमेरिकेत नासकार नावाच्या मोटारशर्यती होतात. आपल्याला टीव्हीवर दिसतात त्या फॉर्म्युला वनच्या बुटक्या, उघड्या चाकांच्या गाड्या या नव्हेत. या बंद, जड, रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसतात. 'स्टॉक कार' म्हणजे शोरूममधून आणलेली आहे तशी गाडी. सुरुवातीला खरंच तशी असायची. नंतर नुसतं नाव उरलं. आता तिला उघडणारं दारसुद्धा नसतं, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. हा अर्नहार्ट त्या शर्यतींचा सात वेळचा विजेता. 18 फेब्रुवारी 2001 रोजी फ्लोरिडातल्या डेटोना इथे, शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर अपघातात गेला. वय 49.

मी त्याला एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलायनात पोचलो 2002 च्या अखेरीस, म्हणजे तो जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. पण त्या भागात तो गेलेला वाटतच नव्हता. टेम्पोच्या मागच्या काचेवर, पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या टोपीवर, एका घराच्या टपालपेटीवर, सगळीकडे तोच तिरका 3 चा आकडा. मला वाटलं, एखाद्या पक्षाची निशाणी असेल.

उलगडा केला शेजारच्या म्हाताऱ्यानं. तो अर्नहार्टच्या गाडीचा नंबर. मी कॉन्कर्डला भाड्यानं राहत होतो, तिथून कॅनापोलिस गाव पंधरा मिनिटांवर. अर्नहार्ट त्या कॅनापोलिसचा. म्हाताऱ्यानं पहिल्याच भेटीत विचारलं, वडील काय करायचे? मी म्हटलं, मुंबईत लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते, 82 च्या संपात घरी बसले ते बसलेच. तो काही बोलला नाही. आत गेला, एक टॉवेल घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. कॅनापोलिस म्हणजे कॅनन मिल्स. अमेरिकेतल्या कितीतरी न्हाणीघरांतले टॉवेल तिथे विणले गेले. हाही आयुष्यभर साच्यांवरच होता. टॉवेलची किनार अंगठ्याखाली घासून दाखवत म्हणाला, ही वीण आता कुठे मिळत नाही. माझे वडीलही धोतराची किनार अशीच घासून बघायचे.

हे सगळं विषयाला सोडून वाटेल, पण नाही. अर्नहार्टचे वडील राल्फ हे त्याच गिरणीत कामाला होते. गिरणी सोडून ते गाड्या पळवायला लागले. आठवडाभर घरामागच्या गॅरेजमध्ये गाडी बांधायची, शुक्रवारी-शनिवारी रात्री आसपासच्या गावातल्या मातीच्या ट्रॅकवर पळवायची, बक्षिसाच्या पैशात घर चालवायचं. 1956 साली त्यांनी नासकारच्या खालच्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं. गंमत बघा, त्यांचं घर ज्या वस्तीत होतं तिला 'कार टाऊन' म्हणतात, गल्ल्यांची नावं सेदान आणि कोच. डेलनं नववीत शाळा सोडली. वडील भयंकर चिडले. त्यांना स्वतःला जे करायचं होतं तेच पोरगा करू म्हणत होता, म्हणून जास्तच चिडले असावेत. 1973 मध्ये राल्फ हृदयविकारानं गेले. डेल तेव्हा 22 वर्षांचा, कर्जबाजारी. 1975 साली वरच्या गटात पहिली शर्यत धावला, 1979 मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि लगेच पुढच्या वर्षी अजिंक्य.

आता तो 'सुवर्णकाळ', ज्याच्या आठवणीनं ही मंडळी हळवी होतात. या खेळाची मुळं गावठी दारूत आहेत. डोंगरातून चोरटी दारू वाहणारे लोक पोलिसांच्या गाडीला मागे टाकायला आपल्या गाडीचं इंजिन वाढवून घ्यायचे, आणि मग कोणाची गाडी जास्त पळते यावर आपसात पैजा लागायच्या. बिल फ्रान्स नावाच्या माणसानं डिसेंबर 1947 मध्ये डेटोनाच्या एका हॉटेलात सगळ्यांना बसवून त्याची संघटना केली, तीच ही नासकार. 1959 साली डेटोनाचा मोठा ट्रॅक झाला. अडीच मैलांची फेरी, वळणावर 31 अंशांचा उतार. 31 अंश म्हणजे साधारण कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर. त्या छपरावरून ताशी 300 किलोमीटरनं आडवी गाडी पळवायची, आणि एकट्यानं नाही, चाळीसेक जणांनी, एकमेकांच्या बंपरला बंपर लावून.

मग 1971 पासून सिगारेटचा पैसा आला. टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, कंपन्यांकडे पैसा तुंबला, तो इकडे वळला. 1979 साली डेटोनाची 500 मैलांची शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात बर्फाचं वादळ, माणसं घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांवर आदळले, मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकला आणि इकडे हिरवळीवर तीन ड्रायव्हरांची हाणामारी जुंपली. ज्यांनी आयुष्यात कधी शर्यत पाहिली नव्हती त्यांनी त्या दिवशी पाहिली. हा मुहूर्त, आणि अर्नहार्टच्या पहिल्या पूर्ण हंगामाचं वर्षही तेच. पुढची वीस वर्षं खेळ आणि तो दोघे बरोबर वाढले.

तो माणूस म्हणून कसा होता? ट्रॅकवर दांडगट. त्याला 'इंटिमिडेटर' म्हणायचे, धाक घालणारा. 1988 पासून त्याची गाडी काळीकुट्ट. आरशात ती काळी गाडी दिसली की पुढच्याच्या हाताला घाम सुटायचा, असं त्याच्याबरोबर धावलेले सांगतात. ऑगस्ट 1999 मध्ये ब्रिस्टलला अर्ध्या मैलाच्या छोट्या ट्रॅकवर रात्रीची शर्यत होती. शेवटच्या फेरीत त्यानं टेरी लाबाँटीला मागून धक्का दिला, लाबाँटी गरगर फिरून बाजूला पडला, हा जिंकला. वर म्हणाला काय, तर मला त्याला फिरवायचं नव्हतं, नुसतं जरा हादरवायचं होतं! अख्खं स्टेडियम त्याला शिव्या देत होतं. खरं सांगतो, मी त्या गर्दीत असतो तर मीही दिल्या असत्या. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत कोणी दुसऱ्याच्या जोडीला आडवं गेलं तर घाटावरून तो धडधाकट घरी जाईल का?

म्हाताऱ्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, शिव्या तर मीही द्यायचो. पण दुसऱ्या दिवशी पाळीवर बोलायला त्याच्याशिवाय विषय नसायचा.

आणि एक गोष्ट आहे, जी मला त्याच्या सात अजिंक्यपदांपेक्षा आणि 76 विजयांपेक्षा मोठी वाटते. डेटोनाची ती मोठी शर्यत त्याला जिंकता येत नव्हती. एकोणीस वेळा हरला. 1990 साली तर शेवटच्या फेरीत तो पहिला होता, शेवटून दुसऱ्या वळणावर कुठल्यातरी तुकड्यानं टायर कापला आणि डेरिक कोप नावाचा, तोवर एकही शर्यत न जिंकलेला माणूस पुढे निघून गेला. घरात बसून बघणाऱ्या गिरणीवाल्याला हे कळतं. सगळं बरोबर करूनही हातात काही न येणं त्याला शिकवावं लागत नाही. 1998 साली विसाव्या खेपेला तो जिंकला. आदल्या दिवशी चाकाच्या खुर्चीतल्या एका आजारी मुलीनं त्याला एक पेनी दिली, यानं तू जिंकशील म्हणाली. त्यानं ती पिवळ्या गोंदानं डॅशबोर्डवर चिकटवली. शर्यत संपल्यावर तो गाडी सावकाश आणू लागला, तर प्रत्येक संघाचे मेकॅनिक, ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं त्रास दिला ते सगळे, रांग लावून उभे. खिडकीतून हात बाहेर काढून तो एकेकाच्या हातावर टाळी देत गेला. ती चित्रफीत मी म्हाताऱ्याच्या घरी किती वेळा पाहिली, मोजलेलं नाही.

आता ती शर्यत. 2001 सालापासून टीव्हीचा नवा करार सुरू झाला होता, सहा वर्षांचे 2.4 अब्ज डॉलर. करारातली ही पहिलीच मोठी शर्यत. आघाडीवर मायकल वॉल्ट्रिप, मग अर्नहार्टचा मुलगा. दोन्ही गाड्या अर्नहार्टच्याच मालकीच्या. तिसरा तो स्वतः, दुसऱ्याच्या संघाच्या काळ्या गाडीत, मागच्यांना अडवून धरत. शेवटच्या वळणावर मागच्या गाडीचा किंचित स्पर्श झाला, गाडी आधी खाली घसरली, मग वर उसळून सिमेंटच्या भिंतीवर. बघायला काही भयंकर नाही. कोलांट्या नाहीत, आग नाही. समालोचन करत होता वॉल्ट्रिपचाच थोरला भाऊ डॅरेल. 462 शर्यती हरलेला धाकटा भाऊ जिंकतोय म्हणून तो रडत होता आणि त्याच दमात विचारत होता, डेल ठीक आहे ना?

कवटीच्या बुडाशी अस्थिभंग. अचानक थांबलेल्या गाडीत पट्ट्यांनी धड बांधलेलं राहतं, डोकं पुढे जातं. हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. आधीच्या वर्षात ॲडम पेटी, केनी आयर्विन, टोनी रोपर असे तिघे ट्रॅकवर गेले होते. रॉबर्ट हबर्ड नावाच्या प्राध्यापकानं आणि जिम डाउनिंग या ड्रायव्हरनं मान धरून ठेवणारं उपकरण केव्हाच बनवलं होतं. अर्नहार्टला ते नको असायचं. बाकीचे तोंड झाकणारं हेल्मेट घालायला लागले तरी हा उघड्या तोंडाचंच घालायचा. तो गेल्यावर ऑक्टोबर 2001 मध्ये मानेचं बंधन सक्तीचं झालं. नेब्रास्का विद्यापीठात बनलेली, धक्का शोषणारी भिंत 2002 पासून ट्रॅकवर आली. त्यानंतर या वरच्या गटाच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. 2020 साली रायन न्यूमनची गाडी डेटोनाला उलटी होऊन असा अपघात झाला की बघणाऱ्यांनी आशाच सोडली होती. तो दोन दिवसांत आपल्या दोन मुलींचे हात धरून इस्पितळातून चालत बाहेर आला.

जुन्या चाहत्यांचं म्हणणं असं की खेळ त्याच दिवशी संपला. हे मला पटत नाही. त्यानंतरही काही वर्षं बघणारे वाढतच होते, उतार नंतर लागला. पण त्या वाक्यामागचं दुखणं खोटं नाही. नॉर्थ विल्क्सबरोसारखा डोंगरातला जुना ट्रॅक 1996 मध्येच बंद पडला होता, शर्यती मोठ्या शहरांकडे चालल्या होत्या. 2004 नंतर रॉकिंगहॅमचीही गेली. आणि मध्ये, 30 जुलै 2003 ला, कॅनापोलिसची गिरणी कायमची बंद झाली. हजारो माणसं एका दिवसात घरी. तोवर म्हातारा निवृत्त झाला होता, पण त्याची मुलगी अजून तिथेच कामाला होती. संध्याकाळी तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. आमच्या चाळीत ते दिवस कसे गेले ते त्यानं विचारलं, मी सांगितलं. मुंबईच्या भोंग्याचा आवाज कसा होता, हेही विचारलं. अर्नहार्टचा विषय त्या दिवशी एकदाही निघाला नाही, आणि तरी मला वाटतं आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो.

तिसऱ्या फेरीचं सांगायचं राहिलं. तो गेला त्या सबंध हंगामात प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला समालोचक गप्प राहायचे आणि लोक उभं राहून तीन बोटं वर करायचे. हंगाम संपल्यावर ते थांबलं. म्हाताऱ्यानं थांबवलं नाही. फेब्रुवारी 2003, मी त्याच्याकडे पहिल्यांदा डेटोनाची शर्यत बघत होतो. तिसरी फेरी लागली तसा त्यानं रिमोटनं आवाज बंद केला, डाव्या हातात कॉफीचा कप तसाच ठेवून उजव्या हाताची तीन बोटं वर केली. डेटोनाची फेरी पाऊण मिनिटाहून थोडी जास्त चालते. तेवढा वेळ खोलीत फक्त फ्रिजचा आवाज. कप हलत होता, बोटं नाही.

2014 मध्ये तो 3 आकडा नव्या पोराला, ऑस्टिन डिलनला दिला तेव्हा हा म्हातारा इतका संतापला की महिनाभर शर्यत लावली नाही. मी तोवर पुण्याला परत आलो होतो, हे फोनवर कळलं. मग 18 फेब्रुवारी 2018 आला. तीच तारीख, सतरा वर्षांनी, आणि वार रविवारच. डिलननं 3 नंबरच्या गाडीत डेटोना जिंकली. आपल्याकडे पहाट, 19 तारीख. फोन वाजला. पलीकडून आधी काही शब्दच नाहीत, टीव्हीचा गलका नुसता. इकडे खालच्या रस्त्यानं पोरं शिवज्योत घेऊन पळत चालली होती, घोषणा, हलगी.

"तिकडे कसला आवाज?" म्हातारा म्हणाला.

मी म्हटलं, आमच्या महाराजांची जयंती आहे आज.

"कधी गेले ते?"

"1680 साली."

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "अच्छा. म्हणजे आम्ही अजून फार मागे आहोत."