खुर्ची बदललीत, तर सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते घराजवळच्या छोट्या हॉटेलात जेवण्याबद्दल. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, जेवणाची ऐन वेळ, दारात ताटकळलेली माणसं आणि सगळं सांभाळणारा एकच वेटर. हे हॉटेल तुमच्याही ओळखीचं असेल. मला ही हॉटेलं फार आवडतात. तिथे अन्न शिळं व्हायला वेळच मिळत नाही.

आधी रांगेचा हिशोब सांगते. आकडे सोपे आहेत. खुर्च्या २४, आणि एक माणूस सरासरी ३० मिनिटं बसतो. म्हणजे तासाला ४८ माणसं जेवून उठतात. तुमच्यापुढे १२ जण असतील, तर पंधरा मिनिटांत तुमचा नंबर लागतो. आता समजा, जेवण झाल्यावर प्रत्येक जण दहा मिनिटं फोन बघत बसला. तिसाची चाळीस मिनिटं झाली. तासाला ४८ऐवजी ३६ माणसं उठू लागली, आणि तुमची पंधरा मिनिटं वीस झाली. आत स्वयंपाक तेवढ्याच वेगानं चाललाय, तरीही. या हिशोबामागचा नियम जॉन लिटल या अमेरिकन संशोधकांनी १९६१ साली सिद्ध करून दाखवला. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला तो रोजच्या सवयीनं कळलेला असतो. तेव्हा जेवण झालं, बिल दिलं, की उठा. दारात कुणीतरी भुकेलं उभं आहे.

आणि जाता जाता एक. छोट्या हॉटेलाचं मेनूकार्ड चार पानी असेल, तर मी जपून मागवते. दोन शेगड्यांवर ऐंशी पदार्थ ताजे होत नाहीत. एका पानात मावेल एवढाच मेनू असावा. आणि भिंतीवरचा टीव्ही जेवणाच्या वेळी बंद असावा, हे माझं ठाम मत आहे. गोंगाट वाढला की माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली ही गोष्ट मांडली. तुम्ही मोठ्यानं बोललात की शेजारचं टेबल आणखी मोठ्यानं बोलतं, आणि वेटरला तुमचं ‘तिखट कमी’ ऐकूच जात नाही. टीव्ही बंद केला, तर निम्मा कालवा तिथेच थांबेल.

असो. मला सांगायचाय तो प्रसंग वेगळाच आहे.

आम्ही सात जण होतो. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. साधीसुधी नाही, दाण्याचं कूट लागलेला चमचा जरी तोंडात गेला, तरी काही मिनिटांत घसा सुजायला लागतो. म्हणून कुठेही गेलो की पहिलं वाक्य तेच असतं. त्या दिवशीही तेच सांगितलं. वेटर पन्नाशी ओलांडलेले होते. खिशाला पेन होतं, पण हातात कागद नव्हता. सात जणांच्या ऑर्डरी त्यांनी नुसत्या ऐकल्या. दाण्याचं सांगितलं तेव्हा मात्र भाचीकडे बघून हळू म्हणाले, “एक दाणासुद्धा नाही.” आणि आत गेले.

मी आणि भाचीनं एकच पदार्थ मागवला होता. माझा नेहमीसारखा, तिचा दाण्याशिवायचा.

भाची खिडकीजवळ बसली होती. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांवर ऊन यायला लागलं. ती म्हणाली, “मावशी, तू इकडे येतेस?” मी उठले, खिडकीजवळ बसले, ती माझ्या खुर्चीत बसली. घरी आपण रोज करतो तेवढं साधं. कुणाच्या मनातही काही आलं नाही. तिच्या आईच्याही नाही.

वेटर आले ते चार प्लेटा घेऊन. तीन डाव्या हातावर, एक तळव्यावर, एक मनगटावर, एक पार कोपराशी. चौथी उजव्या हातात. सरसर ठेवत गेले. एक माझ्यापुढे, एक भाचीपुढे. दोन्ही प्लेटा अगदी सारख्या दिसत होत्या. मागच्या टेबलावरून कुणीतरी पाणी मागत होतं, ते तिकडे वळले. भाचीनं चमचा उचलला.

दोन पावलं गेले असतील. थबकले. वळले आणि एका ढांगेत येऊन त्यांनी आपला पंजा तिच्या प्लेटवर पसरला. चमचा त्यांच्या बोटांवर टेकला. प्लेटमधून वाफ निघत होती, पण हात त्यांनी हलवला नाही.

“बाळा, थांब. तू मघाशी खिडकीपाशी होतीस ना?”

आमच्या टेबलावर कुणी बोलेना. माझ्या बहिणीचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यांनी दोन्ही प्लेटा उचलल्या. मी म्हटलं, अहो, नुसती अदलाबदल केली तरी चालेल. ते म्हणाले, “नाही ताई, दोन्ही नवीन आणतो.” तिचा चमचाही नेला. नवीन प्लेट आली, ती त्यांनी तिचं तोंड बघून ठेवली.

बिल देताना मी विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं? ते म्हणाले, “ताई, मला खुर्च्या पाठ असतात. खिडकीची खुर्ची, दाणे नाहीत, असं मनात धरून आत जातो. या गर्दीत तोंडं बघायला सवड नसते. पण मघाशी हिच्या चष्म्यावर ऊन चमकत होतं. वळताना दिसलं, चष्मा सावलीत आहे.”

एवढ्यावरून. चष्म्यावरच्या उन्हावरून, श्रोतेहो.

पुढे मला कळलं, की अर्जेंटिनातल्या बुएनोस आयरेसमधल्या वेटरांवर असाच एक अभ्यास झालाय, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. आठ जणांनी ऑर्डर द्यायची, वेटरांनी कागदाशिवाय ती आणून द्यायची. माणसं आपापल्या जागी असली, की ठीक. त्यांनी आपसात जागा बदलल्या, की बहुतेक वेटरांची गल्लत झाली. वेटर माणसाइतकीच, कधीकधी माणसाहून जास्त, जागा लक्षात ठेवतात. म्हणून पुन्हा सांगते: ऑर्डर दिल्यावर खुर्ची बदलू नका. बदललीत, तर सांगा. पथ्य असेल, अ‍ॅलर्जी असेल, तर ऑर्डर देताना सांगा आणि प्लेट आल्यावर पुन्हा एकदा विचारा. विचारण्यात संकोच कसला? आणि हाक मारताना ‘अहो’ म्हणा. चुटक्या वाजवून, शुकशुक करून माणसाला बोलावलेलं मला सहन होत नाही. चोवीस खुर्च्या डोक्यात घेऊन तो माणूस फिरत असतो.

त्यानंतर महिन्याभरानं आम्ही पुन्हा तिथे गेलो. भरपूर गर्दी होती, खिडकीजवळची जागा मिळाली नाही. ते वेटर दुसऱ्याच टेबलाशी होते. आम्ही काही बोलायच्या आत भाची उठली, त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, “काका, मी आज भिंतीकडच्या खुर्चीत बसलेय. उठणार नाही.”

त्यांनी हातातल्या प्लेटा ठेवल्या, आमच्या टेबलापाशी आले, त्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला, आणि आत गेले.

नमस्कार.